जन्मघटका आणि पुराव्याचा कस

मूल जन्मास आल्यानंतर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद व लेखणी ठेवावी, दिवा विझू देऊ नये आणि वडीलधाऱ्या बायकांनी जागत बसावे, ही चाल अद्यापि पुष्कळ घरांतून पाळली जाते. सटवीचा लेख एकदा उमटला की तो ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, असे म्हणतात. आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक या समजुतीकडे किंचित हसून पाहतो. परंतु जन्माच्या आसपास जे घडते त्याच्यावर मुलाचे सारे आयुष्य ठरते, ही कल्पना केवळ आपल्या आजीबाईंची नव्हे. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत लंडनच्या व न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या वैद्यांनी, आणि त्यांच्या मागोमाग न्यायालयांनी, तीच कल्पना निराळ्या भाषेत मांडलेली आहे.

मूल वेळेवर चालू लागले नाही, त्याचे हातपाय ताठ राहिले, वाचा फुटली नाही किंवा त्यास वारंवार दम लागू लागला, की वैद्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकजण पहिला प्रश्न करतो तो हा की, "बाळंतपण कसे झाले होते?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे, "चूक कोणाची?" उत्तर कधी सुईणीवर येते, कधी डॉक्टरवर, आणि बहुतेक वेळा कोणी न बोलताही ते आईवर येऊन थांबते. म्हणून जन्माची रीत आणि मुलाचे आरोग्य यांच्या संबंधाचा इतिहास हा केवळ वैद्यकशास्त्राचा इतिहास राहत नाही. तो दोषारोपाचाही इतिहास होतो. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. वकिली हा त्याचा व्यवसाय आहे. पण पुराव्याचा कस कसा लावावा हे थोडेफार शिकलेल्या माणसाने या इतिहासाकडे पाहिले, तर त्यातून काही बोध निघण्यासारखा आहे, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहिले आहेत.

एक घटना दुसरीच्या नंतर घडली एवढ्यावरून ती पहिलीमुळे घडली असे ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा होय. आपल्या शास्त्रकारांनी यासच काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, एवढाच त्याचा अर्थ. धडा सोपा आहे. पण डोळ्यांसमोर अपंग मूल असता तो आठवणे मोठे कठीण आहे.

कायद्याचा आणि प्रसूतीचा संबंध फार जुना आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने रोमन कायद्याचे जे संकलन करविले, त्यात राजांच्या काळचा म्हणून एक नियम दिलेला आहे: गर्भवती स्त्री मरण पावली तर तिचे पोट चिरून गर्भ बाहेर काढल्याखेरीज तिला पुरू नये. या चिरण्यास पुढे सीझरचे नाव चिकटले. ज्यूलियस सीझर असाच जन्मला ही कथा मात्र टिकणारी नाही. कारण त्याची आई ऑरेलिया पुढे अनेक वर्षे जिवंत होती, आणि त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर आई वाचणे जवळजवळ अशक्य होते. मुलासाठी पोट चिरणे म्हणजे आई गेली असेच शतकानुशतके समजले जाई. १८८२ साली जर्मन वैद्य माक्स झेंगर यांनी गर्भाशयाची जखम काळजीपूर्वक शिवण्याची रीत रूढ करण्याचा आग्रह धरला, त्यानंतर हे चित्र पालटू लागले. तोपर्यंत बाई अडली म्हणजे वैद्याच्या हाती लोखंडी चिमटा आणि दैव एवढीच साधने होती. अशा अडलेल्या बाळंतपणातून जी मुले जिवंत निघत, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न प्रथम नीटपणे विचारला तो एका अशा माणसाने की ज्याचा स्वतःचा पाय वाकडा होता.

विल्यम जॉन लिटल यांचा जन्म १८१० साली लंडनमध्ये झाला. लहानपणीच्या आजारात त्यांचे एक पाऊल वाकडे झाले. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते जर्मनीत गेले, आणि १८३६ साली हानोव्हर येथील श्ट्रोमेयर या शस्त्रवैद्याने त्यांच्या टाचेची शीर कापून पाऊल सरळ केले. मायदेशी परत येऊन लिटल यांनी अपंगांच्या चिकित्सेस वाहून घेतले, व त्यासाठी लंडनमध्ये रुग्णालय उभारले. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत ज्यांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात आणि स्नायू काठीसारखे ताठ होतात अशी मुले पुष्कळ असत. लिटल त्यांच्या आयांना जन्माची हकीकत विचारीत. कोणी सांगे, मूल सातव्या महिन्यात झाले. कोणी सांगे, दोन दिवस कळा चालल्या होत्या. कोणी सांगे, जन्मल्यावर ते बराच वेळ रडलेच नाही. ऑक्टोबर १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे त्यांनी निबंध वाचला. कठीण प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतेवेळी गुदमरणे यांचा मुलाच्या शरीरावर व बुद्धीवर परिणाम होतो, हा त्याचा विषय होता. आपल्या मताच्या पुष्टीसाठी त्यांनी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे विद्रूप शरीरही साक्षीस बोलाविले. पुढे कित्येक वर्षे या विकारास "लिटलचा रोग" असेच नाव होते. आज आपण त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतो.

लिटल यांचे हे कार्य थोर होते यात शंका नाही. तोपर्यंत अशा मुलांचे दुःख कोणी मोजलेच नव्हते. परंतु त्यांच्या पुराव्यात एक उणीव होती, आणि ती वकिलाच्या ध्यानात लवकर येते. जी मुले अपंग झाली तीच त्यांच्यापुढे आली. तशाच कठीण प्रसूतीतून निघून पुढे धडधाकट झालेली मुले कशाला रुग्णालयाची पायरी चढतील? गुदमरलेली पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात हे लिटल जाणत होते. पण त्यांची गणती कोणाजवळच नव्हती. एका पक्षाचेच साक्षीदार तपासून दिलेला निकाल तो निकाल नव्हे.

हा आक्षेप ज्याने स्पष्ट शब्दांत मांडला त्याचे नाव वाचून वाचकांस थोडे आश्चर्य वाटेल. स्वप्नांच्या अर्थामुळे जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड हे आरंभी मज्जातंतूंचे वैद्य होते, आणि व्हिएन्ना येथील मुलांच्या एका दवाखान्यात त्यांनी अनेक वर्षे असे रुग्ण तपासले होते. १८९७ साली त्यांनी मुलांच्या मेंदूच्या पक्षाघातावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी म्हटले की, कठीण प्रसूती होऊनही बहुसंख्य मुले निर्दोष निघतात, आणि सुलभ प्रसूती होऊनही काही मुलांस हा विकार जडतो. मग प्रसूतीच कारण कशावरून? कदाचित गर्भातच काही बिघाड झालेला असेल, आणि त्या बिघाडामुळेच प्रसूती कठीण झाली असेल. ज्यास आपण कारण म्हणतो ते परिणामच असू शकेल! हे म्हणणे त्या काळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. लिटल यांचा सिद्धान्त सोपा होता, डोळ्यांना दिसणारा होता. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे तोच वैद्यकाच्या ग्रंथांतून नांदत राहिला.

या सिद्धान्ताने नुकसानच केले असे मात्र म्हणता यावयाचे नाही. त्याच्यामुळे वैद्यांचे लक्ष जन्मलेल्या मुलाकडे वळले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या रुग्णालयांतूनही मूल जन्मले की सर्वांचे डोळे आईकडे लागत. निळे पडलेले, श्वास न घेणारे मूल पुष्कळदा बाजूला ठेवले जाई. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांना ही उपेक्षा खुपली. १९५२ साली त्यांनी एक साधी कसोटी मांडली, व पुढच्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चिमटा घेतल्यास किंवा डिवचल्यास दिसणारी प्रतिक्रिया आणि कातडीचा रंग, अशी पाच लक्षणे जन्मानंतर एका मिनिटाने पाहावयाची, प्रत्येकास शून्य, एक किंवा दोन गुण द्यावयाचे आणि बेरीज करावयाची. त्यासाठी ना यंत्र लागे, ना पैसा. मूल कोणत्या रीतीने जन्मले आणि आईस कोणती भूल दिली होती यांची तुलना आता आकड्यांनी करता येऊ लागली. आईस पूर्ण बेशुद्ध करून शस्त्रक्रिया केल्यास मुलाचे गुण कमी पडतात, पाठीच्या कण्यातून भूल दिल्यास ती मुले अधिक तरतरीत असतात, हे दिसून आले. या कसोटीचे खरे मोल याहूनही वेगळे आहे. कमी गुणांचे मूल म्हणजे तत्काळ मदत हवी असलेले मूल, एवढाच तिचा अर्थ होता. दोष कोणाचा हे ती विचारीत नव्हती. आता काय करावयाचे एवढेच ती विचारी.

तथापि लोकांनी तिच्यातूनही भविष्य वाचण्यास आरंभ केला, आणि कमी गुण म्हणजे मंद बुद्धी असे समीकरण रूढ होऊ लागले. या समीकरणाची परीक्षा अमेरिकेतील एका अवाढव्य पाहणीने केली. १९५९ ते १९६६ या काळात अनेक रुग्णालयांतून पन्नास हजारांहून अधिक गर्भारपणांची नोंद झाली, आणि जन्मलेल्या मुलांवर ती सात वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवले गेले. लिटल यांच्यापाशी जे नव्हते तेच येथे होते: आजारी व निरोगी अशा दोन्ही बाजूंचे साक्षीदार. कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनी १९८१ साली या सामग्रीतून दाखविले की, ज्या मुलांस पुढे सेरेब्रल पाल्सी झाली त्यांपैकी शेकडा ७३ मुलांना पाचव्या मिनिटास सातपासून दहापर्यंत, म्हणजे चांगले, गुण मिळालेले होते. १९८६ साली त्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की, जन्मतेवेळच्या गुदमरण्याने या विकाराचा फार थोडा भाग उलगडतो. बहुतेक कारणांची मुळे त्याआधीच्या महिन्यांत आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातील संसर्ग, रक्तवाहिनीतील अडथळा, आनुवंशिक दोष अशी ती आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला फ्रॉइड यांचा तर्क अशा रीतीने पुष्कळ अंशी खरा ठरला.

याच सुमारास यंत्रानेही आपली साक्ष नोंदविली. गर्भाच्या हृदयाचे ठोके कागदाच्या पट्टीवर अखंड उमटविणारे यंत्र १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. मूल गुदमरू लागले की यंत्र इशारा देईल, वैद्य तत्काळ पोट चिरून त्यास बाहेर काढील आणि मेंदूचा पक्षाघात नाहीसा होईल, अशी आशा होती. डब्लिन येथे सुमारे १३,००० स्त्रियांवर याची रीतसर परीक्षा झाली. निम्म्यांस यंत्र लावले. निम्म्यांच्या बाबतीत परिचारिकांनी ठरावीक वेळाने नळी लावून ठोके ऐकले. १९८५ साली निकाल प्रसिद्ध झाला. यंत्राखालच्या मुलांत जन्मानंतरचे झटके निम्म्यावर आले, ही गोष्ट खरी. परंतु मृत्यू दोन्हीकडे सारखेच होते. चार वर्षांनंतर मुले पुन्हा तपासली तेव्हा सेरेब्रल पाल्सी झालेली मुले एका बाजूस १२ आणि दुसऱ्या बाजूस १० निघाली, आणि त्यांतील १२ ही यंत्राच्या बाजूची होती! असे असूनही यंत्र रुग्णालयांतून हलले नाही. उलट त्याची कागदी पट्टी हा न्यायालयातील आवडता दस्तऐवज झाला.

आता न्यायालयांकडे वळू. इंग्लंडमधील व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. १९७० सालच्या जानेवारीत एका अडलेल्या बाळंतपणात तरुण डॉक्टरने चिमट्याने पाचसहा वेळा ओढून पाहिले, मूल येत नाही असे दिसल्यावर पोट चिरले, आणि मूल मेंदूस इजा झालेले निघाले. पहिल्या न्यायाधीशाने चिमटा फार वेळ व फार जोराने ओढला असे ठरवून एक लक्ष पौंडांची भरपाई दिली. अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला. लॉर्ड डेनिंग यांनी तेथे म्हटले की, निर्णयातील चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. वैद्यास प्रत्येक अपयशासाठी न्यायालयात खेचले तर तो हात राखूनच काम करू लागेल. डिसेंबर १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अपिलाचा निकाल कायम केला, पण डेनिंग यांचे सूत्र मात्र दुरुस्त केले: निर्णयातील चूक निष्काळजीपणाची असू शकेल किंवा नसूही शकेल, वाजवी कौशल्याचा वैद्य तसे वागला असता काय, हाच प्रश्न होय. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु त्या मुलाच्या वाट्यास काय आले? दहा वर्षे खटला चालला आणि अखेरीस हाती काही पडले नाही. चूक सिद्ध झाली तरच मदत, अशी व्यवस्था असली की चूक शोधणे हाच अपंग मुलाच्या आईबापांचा एकमेव मार्ग उरतो. जन्माच्या घटकेत अपराधी सापडला तर औषधपाणी. कारण त्याआधीच्या महिन्यांत असले तर काहीच नाही! विकार तोच, गरज तीच, आणि न्याय मात्र दोन प्रकारचा.

या भयाचा परिणाम प्रसूतीच्या रीतीवर झाल्यावाचून राहिला नाही. अमेरिकेत १९६५ साली शंभर बाळंतपणांत साडेचार सिझेरियन होत. २००९ साली ती संख्या जवळजवळ ३३ झाली. या वाढीस इतरही कारणे आहेत. पण खटल्याची धास्ती हे त्यांतील एक आहे, हे सर्वमान्य आहे. एवढ्या शस्त्रक्रिया वाढूनही सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण अनेक दशके हजारी दोनच्या आसपासच राहिले. अलीकडे काही देशांत ते उतरले आहे. त्याचे श्रेय मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या सुधारलेल्या देखभालीकडे जाते.

तर मग शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ज्या बाळंतपणात वार तोंडाशी आडवी आली आहे किंवा मूल आडवे आहे, तेथे तीच आई व मूल या दोघांचे प्राण वाचविते. मध्यम प्रकारच्या जोखमीचे उत्तम उदाहरण म्हणजे पायाळू मूल. आपल्याकडे पायाळू माणसास गुप्तधन दिसते असे म्हणत. परंतु ज्या मुलाचे डोके शेवटी बाहेर येते त्यास धोका अधिक, हे प्रत्येक सुईणीस ठाऊक होते. २००० साली २६ देशांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. अशा मुलांसाठी आधीच ठरवून शस्त्रक्रिया केल्यास मृत्यू वा गंभीर इजा शेकडा १.६, आणि नैसर्गिक प्रसूतीचा बेत केल्यास शेकडा ५, असा तिचा निष्कर्ष होता. जगभर पायाळू मुलांसाठी शस्त्रक्रियेची रीत पडली. परंतु २००४ साली त्यांतील ज्या मुलांचा पुढे माग ठेवला होता ती दोन वर्षांची झाल्यावर पाहिली, तेव्हा मृत्यू वा मेंदूच्या वाढीतील उणीव यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पहिल्या दिवसाचा पुरावा आणि दुसऱ्या वाढदिवसाचा पुरावा एकच बोलतो असे नाही.

आजकाल आरोपीच्या पिंजऱ्यात शस्त्रक्रियाच उभी केली जाते, हा काळाचा महिमा होय. नैसर्गिक मार्गाने येणाऱ्या मुलास आईच्या शरीरातील जिवाणूंचा पहिला वारसा मिळतो. पोट चिरून काढलेल्या मुलाच्या अंगावर कातडीवरचे जिवाणू आढळतात, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. डेन्मार्कमध्ये सुमारे वीस लक्ष मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली असे सांगण्यात आले की, सिझेरियनने जन्मलेल्यांत दमा व तत्सम काही विकार थोडे अधिक आढळतात. हे निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. परंतु येथेही लिटल यांच्या वेळचाच प्रश्न विचारावयास हवा. ज्या स्त्रियांवर शस्त्रक्रिया करावी लागते त्यांचे वय, वजन, आजार, त्यांना दिलेली औषधे हे सारेच निराळे असते. मग दम्याचे कारण शस्त्रक्रिया, की जिच्यामुळे शस्त्रक्रिया झाली ती परिस्थिती? याचा निकाल लागलेला नाही. एक गोष्ट मात्र पक्की आहे. कळा सुरू होण्यापूर्वी आणि दिवस पुरे भरण्यापूर्वी ठरवून काढलेल्या मुलास पहिल्या दिवसांत श्वासाचा त्रास अधिक होतो. कारण फुप्फुसांतील पाणी आटविण्याची तयारी कळांबरोबरच होत असते.

आपल्या वाचकांपैकी हैदराबाद व तेलंगणातील मंडळींनी येथे क्षणभर थांबावे. १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत, कोणत्याही प्रदेशात शेकडा १० ते १५ हून अधिक सिझेरियन होण्यास सबळ कारण दिसत नाही, असे मत व्यक्त झाले होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात हे प्रमाण शेकडा २१.५ होते, खासगी रुग्णालयांत शेकडा ४७ हून अधिक, आणि तेलंगणात शेकडा ६०.७. यांतील काही शस्त्रक्रियांची वेळ पंचांगातील मुहूर्त पाहून ठरविली जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. सटवाईने सहाव्या रात्री लिहावयाचा लेख आपण आधीच, शस्त्राने, आपल्या हाताने लिहू पाहतो. चांगल्या नक्षत्रासाठी मुलास आठ-पंधरा दिवस आधी बाहेर काढणे म्हणजे त्याच्या कुंडलीसाठी त्याचा श्वास गहाण ठेवणे होय.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही आपल्याच देशात आहे. डब्लिनच्या व अमेरिकेच्या आकड्यांवरून कोणी असा निष्कर्ष काढील की जन्माच्या घटकेस काहीच महत्त्व नाही, तर तो घातक ठरेल. जेथे कुशल हात, स्वच्छ पाते आणि रक्ताची सोय आहे तेथे त्या घटकेतील बहुतेक धोके आधीच टळलेले असतात. म्हणून तेथे उरलेल्या विकारांची कारणे अन्यत्र सापडतात. जेथे ही सोय नाही तेथे गोष्ट वेगळी. नाळ गंजलेल्या विळ्याने कापून तीवर राख वा शेण लावण्याची रीत ज्या काळी सर्रास होती, त्या काळी भारतात धनुर्वाताने ग्रासलेल्या नवजात मुलांची संख्या वर्षाला दीड ते दोन लक्ष असे. हा धनुर्वात बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच प्रकट होतो. पाचवी-सहावीच्या रात्री दिवा लावून जागण्यामागे हेच भय असावे, असा तर्क कोणी केल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. गरोदर स्त्रियांस लस, स्वच्छ पाते आणि रुग्णालयांतील प्रसूती यांच्या योगाने २०१५ साली भारत या रोगाच्या उच्चाटनाच्या कसोटीस उतरला. सटवीचा एक लेख तरी पुसला गेला म्हणावयाचा.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेला प्रयोग याच प्रकारचा आहे. रुग्णालय दूर, बाळंतपणे घरीच, आणि पहिल्या महिन्यात हजारी ६२ मुले दगावत, अशी १९९० नंतरच्या त्या काळात तेथील स्थिती होती. त्यांनी ३९ खेड्यांतील स्त्रियांस शिकविले. मूल श्वास घेत नसेल तर तोंडावर मुखवटा धरून हवा कशी द्यावी, त्यास ऊब कशी द्यावी, जंतुदोष कसा ओळखावा व त्यावर इंजेक्शन कसे द्यावे, एवढेच शिक्षण होते. तीन वर्षांत मृत्यूंचे प्रमाण हजारी २५ च्या आसपास आले. १९९९ साली लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि २०११ पासून शासनाने आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे घरोघरी नवजात मुलांच्या देखभालीची योजना देशभर सुरू केली. अ‍ॅपगार यांच्या कसोटीप्रमाणेच येथेही अपराधी कोण हा प्रश्न नव्हता. आता काय करावयाचे हाच होता.

न्यायालयांनाही हळूहळू हा प्रश्न सुचू लागला आहे. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. मधुमेही आणि ठेंगण्या बांध्याच्या आईस मुलाचे खांदे अडकण्याची शेकडा ९ ते १० शक्यता होती. डॉक्टरांनी ती सांगितली नाही, कारण सांगितले तर बायका शस्त्रक्रियाच मागतील असे त्यांस वाटले. खांदे अडकले, आणि मूल कायमचे अपंग झाले. आईच्या दृष्टीने ज्या जोखमीस महत्त्व आहे ती तिला सांगणे हे वैद्याचे कर्तव्य होय, असे न्यायालयाने ठरविले. या निर्णयातील महत्त्वाची गोष्ट अशी की, न्यायालयाने केवळ प्रसूतीच्या क्षणाकडे पाहिले नाही. त्यापूर्वीच्या महिन्यांत, शांतपणे बसून जो संवाद व्हावयास हवा होता त्याकडे पाहिले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ सालच्या एका निर्णयात, पुरेशी माहिती दिल्याखेरीज घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, असे सांगितले आहे. मात्र किती माहिती पुरेशी, हे ठरविताना त्याने वैद्यकव्यवसायातील रूढ रीतीस अधिक मान दिला आहे. ब्रिटनच्या निर्णयानंतर तेही माप पुन्हा तपासावयास हरकत नाही.

दीडशे वर्षांच्या या साक्षीपुराव्यातून जो निष्कर्ष निघतो तो असा. जन्माची रीत मुलाच्या आरोग्यावर परिणाम करते. पण ती त्याचे प्रारब्ध लिहीत नाही. जेथे साध्या साधनांचा अभाव आहे तेथे त्या घटकेतील स्वच्छता, ऊब आणि पहिला श्वास यांवर प्राण अवलंबून असतो. तेथे आपण अधिक केले पाहिजे. जेथे साधनांची रेलचेल आहे तेथे शस्त्र उचलण्यापूर्वी थांबले पाहिजे. आणि दोन्हीकडे, अपंग मुलास मिळणारी मदत ही कोणाचा तरी अपराध सिद्ध होण्यावर अवलंबून ठेवता कामा नये.

राहिली आई. "त्या वेळी मी आणखी थोडा जोर केला असता तर," "मी शस्त्रक्रियेस हो म्हटले नसते तर," किंवा "वेळीच हो म्हटले असते तर," असे विचार वर्षानुवर्षे मनात घोळविणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत. त्यांच्यावर कोणी फिर्याद केलेली नसते. फिर्यादीही त्याच आणि आरोपीही त्याच. उपलब्ध पुरावा नीट वाचला तर या खटल्यांपैकी बहुतेकांत त्या निर्दोष आहेत. हा निकाल त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावयास हवा, आणि तो वाचून दाखविण्यास वैद्य वा वकीलच असला पाहिजे असे नाही. घरातील कोणाही समंजस माणसाला ते करता येईल.